वळसा

शुक्रवारी उद्यमबागेतली शिफ्ट सुटल्यावर
इर्फानच्या गॅरेजात, जीपच्या बॉनेटवर
तीन फोन मांडले होते, डाव पडल्यासारखे.

बसूचं ॲप फुकटातलं. जांबोटीच्या पुढं
त्यात सगळं हिरवं, एकच हिरवं,
बालवाडीतल्या पोरानं खडू संपेस्तोवर घासावं तसं.
इर्फानच्यात उंचीच्या रेषा, ओढे, पायवाटा,
खरं वर्षाला दोन हजार, आणि गावांची नावं
कुणी दुरून ऐकून लिहिल्यासारखी.
माझ्यात तेच गाव एकदा कन्नडात, एकदा मराठीत,
बोटानं मोठं केलं की रातोरात पाटी रंगवल्यागत.
बसू म्हणाला, "नाव कशाला वाचालास?
रेंज गेल्यावर निळा ठिपका हलतोय काय बघ, बस्स."

वाद मिटला नाही. तिन्ही घेतले.

कणकुंबीच्या अलीकडंच फोन गुरगुरला,
गोव्यात आपलं स्वागत.
अजून आम्ही खानापुरातल्या मिसळीचे ढेकर देत होतो.
मग डांबर सुटलं, रेंज सुटली,
बसूचं ॲप म्हणालं उजवीकडं वळा,
उजवीकडं बांबूचं बेट.
इर्फानचं म्हणालं सरळ,
सरळ गेल्या पावसानं नेलेला साकव.
माझा ठिपका
आम्ही थांबलो तरी चालतच होता.

मष्णू गावडा तिथं भेटला, कमरेला कोयता,
खांद्यावर शिकेकाईची मोळी.
दोन जीपा आणि सहा माणसं बघून म्हणाला,
"हरवलासा, की हरवायला आलासा?"

त्याला माझ्या शेजारी बसवलं.
तरुणपणी हा हाक्याला जायचा,
बंदी यायच्या आधी, बेळगावचे साहेब यायचे तेव्हा,
डबा बडवत रान उठवायला.
फोन त्यानं तव्यावरची भाकरी धरावी तसा
दोन बोटांत धरला. "हितं डुकराची लोळण.
हितं साहेबाचा बार हुकला, त्यो हुकल्याचा टेंब.
ही गव्याची पाणंद, एप्रिलात येऊ नका."
मी एकेका जागेला खूण टोचत गेलो.
फोननं टेंबचं टेबल केलं.
मी पुन्हा टेंब लिहिलो. त्यानं पुन्हा टेबल.

एका चढाला त्यानं स्टेअरिंगवर हात ठेवला.
"हितनं नको. खालनं वळसा मार."
तिन्ही ॲपं, पहिल्यांदाच एकमतानं,
सरळ दाखवत होती. ऐंशी मीटर. वाट मोकळी,
वर एक किंजळ, खाली वाळलेलं कारवीचं रान.

"भाऊ हुता माझा, परशा.
हाक्यात पुढं गेला. झुडूप हाललं."
थोडं थांबून, "साहेब वाईट नव्हता.
हातातनं बंदूक पडली त्याच्या. रडला बी."

गिअर दुसऱ्यात होता. मी पहिला टाकलो.
खालच्या दगडांवर चेंबर दोनदा घासलं,
मागनं बसूचा हॉर्न, काय करालास रे?

वळसा संपल्यावर मी विचारलो, ही जागा लिहू?
मष्णू पडद्यावरच्या मोकळ्या हिरव्याकडं
बराच वेळ बघत राहिला.
"नको. लिहिलास की लोक येतील.
सावली बरी हाय म्हणून डबा खातील."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
साच्याच्या वाळूनं भरलेल्या हातानं बसू
माझ्या फोनवरची तांबडी रेघ तपासत होता.
कुठलं ॲप ठेवायचं, पैसे कुणी भरायचे, ते ठरायचं होतं.
रेघ नीट येत होती येत होती,
आणि मग मध्येच, काही नसलेल्या जागेभोवती,
पोटुशी बाईनं वाट सोडून चालावं तशी फुगली होती.
खाली ॲप विचारत होतं,
मार्ग सरळ करायचा?

"हितं काय हुतं रे?" बसू म्हणाला. "चिखल?"
नोव्हेंबरात तिथं धूळ उडत होती,
त्याच्याच काचेवर बसलेली.

होय, म्हणालो. चिखल.
आणि 'नको' दाबलो.